१/२४ ची मोटार: आधी बॉडी, मग बाकी सगळं

१/२४ मापाच्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या भागाएवढ्या प्लास्टिक मॉडेलच्या किटची माहितीपत्रिका उघडली की पहिल्या चौकटीत इंजिन नाहीतर चासी असते आणि बॉडीचा रंग शेवटच्या पानांवर येतो. मोटारीचं मॉडेल त्या क्रमानं करू नका. बॉडी पहिल्या दिवशी हातात घ्या. लॅकर रंग (थिनरसारख्या झपाट्यानं उडणाऱ्या द्रावणातला) तासाभरात वाळल्यासारखा वाटतो, पण आतून कडक व्हायला त्याला आठवडाभर लागतो, दमट हवेत त्याहून जास्त. बॉडी शेवटी रंगवली की तेवढा धीर कोणालाच निघत नाही. बाकी सगळं तयार असतं, हात शिवशिवतात आणि ओल्या रंगावर बोटांचे ठसे कायमचे उमटतात. तीच बॉडी आधी रंगवून बाजूला ठेवली, तर चासी, सीट आणि चाकं होईपर्यंत ती घासायला आणि पॉलिशला तयार होते.

दुसरं कारण चकाकीचं. रणगाड्यावर चिखल आणि गंज दाखवता येतो, विमानाचा मॅट रंग बरंच पोटात घालतो. शोरूममधून निघालेल्या मोटारीला असं काही पांघरूण नसतं. प्लास्टिकवरची बारीक रेघसुद्धा चकचकीत रंगात दुप्पट उठून दिसते. म्हणून या लेखाचा मोठा भाग बॉडीवरच खर्च केला आहे.

किट कुठलं घ्यावं

जपानी किट, म्हणजे तामिया, हासेगावा, फुजिमी, आओशिमा, बहुतेक १/२४ मापाची असतात. अमेरिकी परंपरेतली एएमटीची आणि रेव्हेलची बरीच किट १/२५ ची असतात. खरी गाडी ४.२ मीटर लांब असेल तर १/२४ मध्ये ती १७.५ सेंटिमीटर होते आणि १/२५ मध्ये १६.८. फळीवर शेजारी ठेवल्या तर फरक फारसा जाणवत नाही, पण एका किटची चाकं दुसऱ्याला बसवताना जाणवतो.

पहिल्या मॉडेलसाठी इंजिन नसलेलं, बॉनेट बंद असलेलं किट घ्या. उघडणारं बॉनेट आणि दारं नीट बसवणं हे वेगळंच कौशल्य आहे आणि पहिल्याच खेपेला ते शिकायची गरज नाही. क्रोमच्या पट्ट्या कमी असलेली अलीकडची गाडी सोपी जाते. साठच्या दशकातल्या गाडीला काचेभोवती, दारांखाली, बंपरवर चकचकीत पट्ट्या असतात आणि त्या प्रत्येकीवर चिकटणारी धातूची पातळ फॉइल लावावी लागते. रंगही जपून निवडा. काळ्यावर प्रत्येक ओरखडा दिसतो, पिवळा आणि पांढरा दोन-तीन हातांत झाकत नाही, मेटॅलिकवर घासून दुरुस्ती करता येत नाही. साधा निळा किंवा लाल यांत सर्वात कमी त्रास आहे.

किट घरी आलं की ते लगेच करायचं नसलं तरी खोका उघडा आणि टायर वेगळ्या पिशवीत ठेवा. टायरच्या मऊ प्लास्टिकमधलं प्लॅस्टिसायझर (ते मऊ ठेवणारं रसायन) हळूहळू बाहेर येतं आणि किटच्या ज्या पॉलिस्टायरीन प्लास्टिकला ते टेकलेलं असतं ते विरघळवतं. काचांच्या भागाला टायर टेकून वर्षानुवर्षं पडून राहिला तर काचेवर टायरच्या नक्षीचा खळगा पडतो. तो पॉलिशनं जात नाही.

हत्यारं

चांगला निपर (भाग कापायची छोटी पक्कड), ११ नंबरच्या पात्याचा चाकू आणि जास्तीची पाती, टोकदार चिमटा, ६ आणि १० मिलिमीटरची मॉडेलची मास्किंग टेप. वॉटर पेपर ४००, ६००, ८००, १०००, १५०० आणि २००० नंबरचे. हे कोणत्याही हार्डवेअरच्या किंवा ऑटो पेंटच्या दुकानात मिळतात. त्यापुढचे ३०००, ४००० आणि ६००० चे स्पंज मॉडेलवाल्यांकडून मागवावे लागतात. पातळ सिमेंट, म्हणजे प्लास्टिक जोडायचा पातळ गोंद (तामियाचं हिरव्या झाकणाचं), फेव्हिक्विक, काचांसाठी पांढरा फेव्हिकॉल. आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र नक्की घ्या. मुंबईत, कोकणात किंवा गोव्यात राहत असाल तर एअरब्रशच्याही (हवेच्या दाबानं रंग फवारणाऱ्या छोट्या हत्याराच्याही) आधी ते घ्या.

रंगाआधीची जुळवाजुळव

प्लास्टिकला साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या तेलाचा अंश असतो. कोमट पाण्यात भांडी घासायच्या द्रवाचे दोन-तीन थेंब टाकून बॉडी आणि स्प्रूच्या चौकटी (ज्यांना सुटे भाग जोडलेले येतात त्या) जुन्या मऊ टूथब्रशनं धुवा आणि हवेवर वाळू द्या. फडक्यानं पुसलं की धागे चिकटतात.

भाग स्प्रूवरून दोनदा कापा. पहिला काप भागापासून दोन-तीन मिलिमीटर लांब, दुसरा अगदी जवळ, निपरची सपाट बाजू भागाकडे. एकाच कापात सोडवायला गेलं की प्लास्टिकवर ताण येतो, तिथे पांढरा डाग पडतो, कधी टवकाच उडतो.

आता मास्किंग टेपच्या तुकड्यांनी सगळं तात्पुरतं जोडून पाहा: चासी बॉडीत, डॅशबोर्ड चासीत, काचा आतून, चारही चाकं. चासी कुठून आत जाते, आधी मागचं टोक की पुढचं, बॉडीच्या कडा किती फाकवाव्या लागतात, हे आत्ताच ठरवा. काच आत्ताच घट्ट बसत असेल तर रंगाच्या थरांनंतर ती बसणारच नाही, तेव्हा तिची कड आत्ताच किंचित घासा. रंगवलेल्या बॉडीत काच दाबून बसवताना टपाचा खांब तडकतो, आणि तो अपघात याच पायरीला टाळता येतो.

बॉडीच्याच रंगाचे बंपर, स्पॉयलर, खालचे स्कर्ट हे सगळं आता चिकटवा. नंतर चिकटवलं तर जोडाची फट दिसते आणि सिमेंट रंगावर ओघळतं. पातळ सिमेंट जोडावर ब्रशनं टेकवलं की ते आपोआप फटीत ओढलं जातं. बोट त्या फटीवर नको, नाहीतर बोटाखालूनही ते तसंच ओढलं जाईल. जोड पूर्ण कडक व्हायला २४ तास द्या. घाईनं घासलेला जोड पुढे रंगाखाली आकसतो आणि महिन्याभरानं चकचकीत पृष्ठभागावर बारीक चर दिसू लागतो.

घासकाम

बॉडी दिव्यासमोर तिरपी धरून फिरवा. मडगार्डच्या माथ्यावरून, टपाच्या खांबांवरून, बंपरच्या कोपऱ्यांवरून एक अगदी हलकी रेघ जाताना दिसेल. साच्याचे भाग जिथे एकत्र येतात तिथे ती पडते. जुन्या साच्यांत ती नखाला लागते, नव्या साच्यांत फक्त डोळ्याला दिसते. ती राहिली की रंगानंतर गाडीला कुठेतरी पोचा असल्यासारखा भास होतो आणि नेमकं काय चुकलं ते कळत नाही.

चाकूच्या पात्याची धार आडवी धरून रेघ हलकेच खरवडा, मग ६०० चा वॉटर पेपर ओला करून आणि नंतर ८०० चा. सपाट भागावर कागदामागे खोडरबराचा तुकडा धरा, नुसत्या बोटानं घासलं की बोटाच्या रुंदीचा खोलगा होतो. गोलाईवर मात्र बोटच चांगलं. रेघेवर मागेपुढे न घासता आडवं, थोडं बाहेर पसरत घासा. पाण्यात साबणाचा एक थेंब असला की कागद भरत नाही.

प्लास्टिक जिथे जाड असतं तिथे आकसून खळगी पडते, बहुधा बॉनेटच्या मागच्या कडेला किंवा आतल्या आधाराच्या बरोबर वर. ती मॉडेलच्या पुट्टीनं भरा. पुट्टी एकदम जाड भरू नका. दोन पातळ थर, मध्ये काही तास. घरात सहज मिळणारं एम-सील चासीच्या आत वजन चिकटवायला ठीक आहे, बॉडीवर नको: ते जाडसर असतं आणि त्याची कड प्लास्टिकपेक्षा कठीण राहते, त्यामुळे घासताना भोवतालचं प्लास्टिक आधी झिजतं. छोट्या खळगीला फेव्हिक्विकचा थेंब टोकानं लावून अर्ध्या-एक तासात घासला तर उत्तम काम होतं. दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवला तर तोही प्लास्टिकहून कठीण होतो.

मग दारं, बॉनेट, डिकी यांच्या फटीच्या रेघा खोल करा. प्रायमर (रंगाखालचा थर), रंग आणि क्लिअर (रंगावरचा पारदर्शक चकचकीत थर) मिळून सहज ०.१ मिलिमीटरचा थर होतो. खऱ्या गाडीच्या मापात तो २.४ मिलिमीटर भरतो. उथळ रेघा त्याखाली बुजतात आणि दार रंगवल्यासारखं दिसतं, उघडणारं वाटत नाही. स्क्राइबर (रेघ कोरायचं टोकदार हत्यार) किंवा चाकूच्या पात्याचं टोक उलट्या, बोथट बाजूनं रेघेतून हलक्या हातानं आठ-दहा वेळा ओढा. पहिल्या दोन ओढींना अजिबात जोर नको; हत्यार रेघेबाहेर सटकतं ते तेव्हाच. वळणावर टेपचा जाड पट्टा लावून त्याच्या आधारानं जा.

शेवटी पूर्ण बॉडीवर १००० चा ओला कागद हलकेच फिरवा, परत धुवा, वाळवा. इथून पुढे बॉडीला उघड्या हाताचा स्पर्श नको. औषधाची रिकामी बाटली किंवा जाड तार आतून टेपनं लावून तिची मूठ करा.

प्रायमर आणि त्याचा रंग

प्रायमर रंगाला धरून ठेवतो, राहिलेले ओरखडे दाखवतो आणि वरच्या रंगाची छटा ठरवतो. तामियाचा बारीक प्रायमर राखाडी, पांढरा, गुलाबी आणि तांबूस अशा रंगांत मिळतो. निळा, हिरवा, काळा, चंदेरी यांच्याखाली राखाडी. पांढरा आणि फिकट रंग यांच्याखाली पांढरा. लाल, पिवळा, नारिंगी यांच्याखाली गुलाबी. राखाडीवर पिवळा मारला तर तो हिरवट आणि मळका दिसतो, आणि तो उजळायला थरांवर थर चढवत जावं लागतं.

बॉडीच मुळात लाल प्लास्टिकची असेल आणि गाडी पांढरी करायची असेल तर सावध राहा. लॅकरचं द्रावण प्लास्टिकमधला लाल रंग वर खेचतं आणि पांढऱ्याला गुलाबी झाक येते, कधी दोन दिवसांनी. आधी चंदेरी रंगाचा एक पूर्ण थर द्या, तो वाळू द्या, मग पांढरा प्रायमर. चंदेरीतले धातूचे बारीक कण मध्ये पडदा धरतात.

प्रायमरचे दोन पातळ हात पुरतात. एक दिवसानं १५०० च्या ओल्या कागदानं खरखर काढा. प्लास्टिक उघडं पडलं तर तेवढ्यावर पुन्हा प्रायमर. या टप्प्यावर बॉडी पुन्हा दिव्यासमोर तिरपी धरा. जी रेघ आत्ता दिसते ती शेवटीही दिसणार.

दमट हवा

लॅकरमधलं द्रावण झपाट्यानं उडतं आणि उडताना पृष्ठभाग थंड करतं. हवेत बाष्प जास्त असेल तर ते त्या थंड पृष्ठभागावर बसतं, ओल्या रंगात अडकतं आणि चकचकीत रंग दुधाळ, पांढुरका होतो. पावसाळ्यात मुंबई, रत्नागिरी, पणजी इथे हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते, म्हणून तिथल्या माणसानं जपानी किंवा युरोपी पद्धत जशीच्या तशी उचलून चालत नाही. पुण्यात किंवा नाशिकला हिवाळ्यात जे सहज जमतं ते जुलैत जमत नाही.

आर्द्रता ६५ टक्क्यांच्या खाली असेल तेव्हाच क्लिअर आणि चकचकीत रंग मारा. ७५ च्या वर असेल तर प्रायमरसुद्धा नको. पावसाळ्यात पाऊस थांबून दोन दिवस ऊन पडलं की दुपारी दोन ते चारच्या दरम्यान आकडा खाली येतो. सकाळी आणि रात्री तो चढा असतो. एअरब्रश असेल तर थिनरमध्ये १० टक्क्यांपर्यंत रिटार्डर घाला किंवा मिस्टर कलर या ब्रँडचं लेव्हलिंग थिनर वापरा. द्रावण सावकाश उडतं, पृष्ठभाग कमी थंड होतो, रंग पसरायलाही वेळ मिळतो. कॉम्प्रेसरला पाणी अडवणारा ट्रॅप हवाच. तोही दर पंधरा-वीस मिनिटांनी रिकामा करा, नाहीतर पाण्याचा थेंब थेट बॉडीवर उडतो.

एक चूक फार जणांकडून होते. एसीच्या खोलीत ठेवलेली बॉडी गॅलरीत आणून लगेच रंगवतात. थंड प्लास्टिकवर बाहेरच्या हवेतलं बाष्प डोळ्यांना न दिसेल इतकं बारीक जमलेलं असतं आणि रंग त्यावरच बसतो. बॉडी, कॅन आणि रंग सगळं रंगवायच्या जागी निदान अर्धा तास आधी आणून ठेवा.

रंग दुधाळ झालाच तर घासू नका. कोरड्या दिवशी त्यावर नुसत्या लेव्हलिंग थिनरची अगदी हलकी फवारणी करा. वरचा थर पुन्हा ओला होतो, अडकलेलं पाणी निघून जातं आणि बहुतेक वेळा चकाकी परत येते.

जागेबद्दल दोन गोष्टी. लॅकरच्या वाफा पेट घेतात, त्यामुळे गॅसची शेगडी, देवघरातली समई, उदबत्ती यांपासून दूर, हवा खेळती असेल तिथेच फवारणी. कापडी मास्क धुळीपुरता. वाफांसाठी कोळशाच्या काडतुसांचा, म्हणजे ऑरगॅनिक व्हेपर असं लिहिलेला मास्क लागतो. गॅरेजवाले वापरतात तो दोन घटकांचा हार्डनरवाला क्लिअर काचेसारखी चकाकी देतो हे खरं, पण त्यात आयसोसायनेट असतं आणि ते श्वासातून गेलं तर दमा जडू शकतो. फ्लॅटच्या गॅलरीत तो वापरू नका.

रंग

तामियाचे टीएस स्प्रे कॅन सर्वात खात्रीचे. १०० मिलिलिटरचा एक कॅन १/२४ च्या एका बॉडीला आरामात पुरतो. हे कॅन पेट घेणारे असल्यानं विमानानं पाठवता येत नाहीत, त्यामुळे परदेशातून टपालानं मागवायचा विचार सोडा आणि देशातल्या विक्रेत्याकडून रस्त्यानं येतील असेच घ्या. हार्डवेअरच्या दुकानातला स्प्रे खऱ्या गाडीसाठी असतो: थेंब मोठे, द्रावण तिखट. उघड्या प्लास्टिकवर त्यानं जाळीसारख्या चिरा पडतात. दुकानातलं एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर एअरब्रश धुवायला चालतं, रंगात मिसळायला नको.

नवीन रंग आधी दुसऱ्या कशावर तरी मारून पाहा. परदेशात यासाठी प्लास्टिकचे चमचे वापरतात. १ जुलै २०२२ पासून एकदा वापरायच्या प्लास्टिक चमच्यांवर देशभर बंदी आहे, पण त्यानं अडत नाही. किटमधले न लागणारे बंपर किंवा आरसे ठेवून द्या. प्लास्टिक तेच, गोलाई गाडीचीच.

कॅन वापरत असाल तर नळाच्या कोमट पाण्यात, साधारण ४० अंशांच्या आत, पाच मिनिटं ठेवा. आतला दाब वाढतो आणि फवारा बारीक होतो. शेगडीवरच्या गरम पाण्यात कधीही नको. दोन मिनिटं हलवा. बॉडीपासून २० ते २५ सेंटिमीटर अंतर ठेवा. फवारा बॉडीच्या बाहेर सुरू करा, बॉडीवरून सरळ न्या, बाहेर जाऊन बंद करा. हात मध्येच थांबला की तिथे ओघळ येतो.

पहिले दोन हात नुसती धूळ बसल्यासारखे, खालचा रंग दिसत राहील इतके विरळ. मध्ये दहा मिनिटं. या खरखरीत थरांवर पुढचा ओला थर पकड धरतो. तिसरा हात ओला: पृष्ठभाग डोळ्यासमोर चकचकीत होईल इतका, त्याहून थेंबभरही जास्त नाही. आधी दारांच्या कडा, खांब आणि बंपरखालची बाजू, मग दोन्ही कुशी, शेवटी बॉनेट, टप आणि डिकी, कारण नजर आधी तिथेच जाते. वीस मिनिटांनी चौथा ओला हात. एवढं पुरतं.

एअरब्रशला ०.३ मिलिमीटरचं नोझल, १५ ते १८ पीएसआय दाब, १० ते १२ सेंटिमीटर अंतर. लॅकरच्या एका भागाला थिनरचा दीड भाग. मिश्रण भांड्याच्या कडेवरून साय काढलेल्या दुधासारखं ओघळलं पाहिजे. एका बॉडीला ८ ते १० मिलिलिटर मूळ रंग लागतो.

पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा आला तर फवारा लांबून मारला गेला किंवा रंग घट्ट होता. थेंब पसरायच्या आधीच वाळले. ओघळ आला तर उलट. गोल गोल खळगे उमटले तर खाली तेल किंवा सिलिकोन आहे, बहुधा बोटाचं नाहीतर आसपास मारलेल्या फर्निचर पॉलिशचं. यातलं काहीही ओलं असताना दुरुस्त करायला जाऊ नका. केस चिकटला तरी हात लावू नका; तीन दिवसांनी २००० च्या कागदानं तेवढाच भाग घासून एक हात मारला की काम होतं. मेटॅलिक रंगाला मात्र घासणं वर्ज्य: कण आडवे-तिडवे होतात, डाग पडतो आणि तो क्लिअरखालीही दिसतो.

सगळंच बिघडलं तर बंद डब्यात ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बॉडी एक रात्र बुडवा आणि सकाळी टूथब्रशनं रंग काढा. काही प्रायमर चिवट असतात, ते थोडे राहिले तर घासून घ्या. एका रात्रीपेक्षा जास्त ठेवू नका, प्लास्टिक ठिसूळ होतं.

डिकल आणि क्लिअर

डिकल (पाण्यात भिजवून लावायची छापील नक्षी) नेहमी चकचकीत पृष्ठभागावरच. खरखरीत रंगाच्या खळग्यांत हवा अडकते आणि डिकलचा पारदर्शक भाग चंदेरी दिसतो. कोमट पाण्यात दहा-पंधरा सेकंद, मग बाहेर मिनिटभर. कागदावरून सहज सरकू लागली की लावा. खाली सेटर (डिकल नीट बसवणारं द्रव), वर सॉफ्टनर (ती मऊ करणारं). सॉफ्टनर लावल्यावर डिकलला सुरकुत्या पडतात. त्या वाळताना आपोआप ताणल्या जातात, तेव्हा घाबरून बोट लावू नका. पट्टा दाराच्या फटीवरून गेला असेल तर पूर्ण वाळल्यावर नव्या पात्यानं फटीत काप द्या आणि पुन्हा सॉफ्टनर.

दोन दिवसांनी क्लिअर, टीएस-१३ किंवा मिस्टर कलरचा सुपर क्लिअर. डिकल असतील तर पहिले तीन हात अगदी धुळीसारखे, प्रत्येकामध्ये पंधरा-वीस मिनिटं. पहिलाच हात ओला मारला तर द्रावण डिकल खातं, आणि त्यावर इलाज नाही. मग दोन ओले हात, मध्ये अर्धा तास.

थरांचा क्रम लक्षात ठेवा: खाली लॅकर, त्यावर पाण्याचं ॲक्रिलिक, सर्वांत वर एनॅमल. ॲक्रिलिक किंवा एनॅमलवर लॅकर मारलं तर खालचा थर सुरकुततो.

आता बॉडी झाकणाच्या मोठ्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. दिवसातून एकदा झाकण उघडून आतली हवा बदला. उन्हात नको, गाडीच्या डॅशबोर्डवर तर नकोच, बॉडी वाकते. तयार झाली की नाही ते नाकानं ओळखा: डबा उघडल्यावर रंगाचा वास येतोय तोवर द्रावण निघतंच आहे. वास पूर्ण गेला की पुढचं काम.

तोवर चासी

चासीला सेमी-ग्लॉस काळा, एक्झॉस्टला मॅट ॲल्युमिनियम, मफलरजवळ थोडा तपकिरी. खऱ्या गाडीखाली पूर्ण मॅट काळा क्वचितच असतो. सीटला सेमी-ग्लॉस आणि मॅट मिसळून हलकी चमक, गालिच्याला पूर्ण मॅट. या दोन छटांच्या फरकानं आतली जागा खरी वाटते. मास्किंग टेपच्या दोन मिलिमीटर रुंद पट्ट्या काळ्या रंगवल्या की चांगले सीटबेल्ट होतात. इंजिन असेल तर स्पार्क प्लगच्या वायरी जोडा: खरी वायर ७ मिलिमीटरची, म्हणजे १/२४ मध्ये ०.३ मिलिमीटर. जाड वायर वापरली की इंजिन खेळण्यातलं दिसतं.

टायरच्या मध्यावरची साच्याची रेघ ४०० च्या कागदानं काढा आणि रस्त्याला टेकणारी पूर्ण बाजूही तशीच घासा; नव्या टायरचा प्लास्टिकी तकाकीपणा लगेच जातो. सस्पेन्शन चिकटवताना गाडी सपाट काचेवर चारही चाकांवर उभी करून ठेवा. एक चाक अधांतरी राहिलं तर कितीही सुंदर रंग असला तरी आधी तेच दिसतं.

क्रोमचे भाग: चकचकीत थरावर सिमेंट धरत नाही, जोडाच्या जागेवरचा क्रोम खरवडा. फारच भडक वाटला तर घरगुती ब्लीचमध्ये काही तास ठेवला की निघतो, मग चंदेरी रंग द्या. त्या ब्लीचमध्ये संडास साफ करायचं ॲसिड चुकूनही मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो.

चकाकी

कडांपासून सुरुवात करू नका. फटींच्या कडा, मडगार्डचा माथा, बॉनेटवरच्या उठावाची धार इथे क्लिअर सर्वांत पातळ असतो आणि कागद दोन फेऱ्यांत प्लास्टिकपर्यंत पोचतो. अशा सगळ्या धारांवर अरुंद मास्किंग टेप लावा. मग २००० चा ओला कागद, साबणाचं पाणी, हात हलका. पृष्ठभाग सारखा मॅट झाला, चमकते ठिपके गेले की थांबा. ३०००, ४०००, ६००० क्रमानं, प्रत्येक वेळी दिशा बदलून. टेप काढा. तामियाची पॉलिशिंग पेस्ट जाडी, बारीक आणि अखेरची अशी तीन प्रकारांत मिळते. प्रत्येकीला वेगळं मऊ कापड. घासताना पाण्यात रंग दिसू लागला तर क्लिअर संपला आहे, तिथेच थांबून पुन्हा क्लिअर मारा. मेटॅलिक नसलेल्या रंगात हे सावरता येतं.

फटींत साठलेली पेस्ट ओल्या ब्रशनं काढा आणि मगच फटींत गडद रंग सोडा. लाल गाडीला गडद तपकिरी, पांढरीला राखाडी. पांढऱ्यावर काळी रेघ व्यंगचित्रासारखी दिसते. एनॅमलचा पॅनल लाइन रंग फटीला टेकवा, अर्ध्या तासानं एनॅमल थिनरनं किंचित ओल्या कापसाच्या काडीनं पुसा. थिनर आतल्या उघड्या प्लास्टिकवर ओघळू देऊ नका, ताणाखालचे भाग त्यानं तडकतात.

काचांभोवतीच्या क्रोम पट्ट्यांना बेअर मेटल फॉइल. पट्टीहून मोठा तुकडा कापून लावा, कापसाच्या काडीनं मध्यापासून बाहेर दाबा, कोपऱ्यांत टूथपिकनं. कडेनं कापायला अगदी कोरं पातं. जुनं पातं फॉइल फाडतं, मग हात जोर लावतो आणि चाकू रंगात उतरतो. प्रत्येक काचेला नवं पातं घेतलं तरी ते पुन्हा बॉडी रंगवण्यापेक्षा स्वस्तच.

काचा आणि दिव्यांच्या भिंगांना फेव्हिक्विक लावू नका. त्याच्या वाफेनं काच धुरकट पांढरी होते. पांढरा फेव्हिकॉल टूथपिकनं सहा-आठ ठिपक्यांत लावा. तो वाळून पारदर्शक होतो आणि सांडला तर ओल्या काडीनं निघतो. टेललाइटच्या मागे आधी चंदेरी, वरून पारदर्शक लाल. नुसता लाल दिला तर दिवा मेलेला वाटतो.

शेवटची जोडणी सुरुवातीला ठरवलेल्या क्रमानंच. बॉडीच्या आतल्या कडेला डॅशबोर्ड घासेल तिथे टेप लावून ठेवा, चासी बसली की चिमट्यानं ओढून घ्या. आरसे आणि वायपर सगळ्यांत शेवटी, कारण तेच आधी तुटतात.

दुसऱ्या मॉडेलवाल्याला विचारताना

रंग बिघडला की फोटो टाकून "काय झालं?" एवढंच विचारलं तर दहा वेगवेगळी उत्तरं येतात आणि दहाही अंदाज असतात. सोबत हे सांगा: प्रायमर आणि रंगाचं नाव व क्रमांक, थिनर कुठलं आणि किती, दाब आणि अंतर, दोन हातांमधला वेळ, त्या दिवशीची आर्द्रता. फोटो फ्लॅशनं काढू नका. खिडकीजवळ बॉडी तिरपी धरून काढला तर पोत दिसतो. ही माहिती खोक्याच्या झाकणाच्या आतच लिहीत गेलात तर पुढच्या गाडीला तुमची स्वतःची पाककृती तयार असते, आणि तुमच्याच शहरातल्या दुसऱ्याला ती जपानमधल्या शिझुओकातल्या माणसाच्या सल्ल्याहून जास्त उपयोगी पडते, कारण हवा तीच. नवीन माणसाचं मॉडेल पाहताना आधी त्याला कुठला भाग जड गेला ते विचारा. चासी वाकडी असेल तर ते त्याला बहुधा माहीतच असतं.

मॉडेलवाल्यांच्या भेटीला मॉडेल नेताना त्याला बबल रॅप गुंडाळू नका. महिना झालेल्या रंगावरसुद्धा बुडबुड्यांचे गोल ठसे उमटतात. चासीला खालून दोन स्क्रूंनी पट्टीवर बसवा आणि पट्टी डब्याच्या तळाला, म्हणजे बॉडीला कशाचाच स्पर्श होत नाही. ॲक्रिलिकच्या पेटीत कायम ठेवायची असेल तर प्रत्येक टायरखाली ॲल्युमिनियम फॉइलचा छोटा तुकडा ठेवा, नाहीतर टायर तळाला चिकटून बसतात.